वैमानिकाचे भू-प्रशिक्षण : वेग आणि पाया

वैमानिकाचे शिक्षण आकाशात होते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्याचा मोठा भाग जमिनीवर, वर्गातच पार पडतो. आपल्या देशात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान २०० तासांच्या उड्डाणाबरोबरच नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या लेखी परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या लागतात. मार्गनिर्देशन, हवामानशास्त्र, हवाई नियम व विमानाची तांत्रिक माहिती हे त्यांतील प्रमुख विषय होत. प्रत्येक विषयात किमान ७० टक्के गुण आवश्यक असतात.

हे सर्व विषय थोड्या महिन्यांत आणि बरोबरीनेच शिकविले जातात. नवख्या विद्यार्थ्यास हा वेग झेपत नाही, याचे कारण बहुधा बुद्धीची उणीव हे नसते. येथे प्रत्येक धडा आधीच्या धड्यावर उभा असतो. वाऱ्यामुळे विमानाचा जमिनीसापेक्ष वेग बदलतो. त्या वेगावरून प्रवासाचा वेळ ठरतो आणि वेळेवरून इंधन. काल वाऱ्याचे गणित सुटले नसेल, तर आज इंधनाचा हिशेब अडतो. दिशा एका अंशाने चुकली, तर ६० सागरी मैलांनंतर विमान सुमारे एक सागरी मैल बाजूला गेलेले असते.

अशा हिशेबाचे मोल एका घटनेवरून ध्यानात येईल. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एका बोइंग ७६७ विमानाचे इंधनमापक बंद असल्याने इंधनाचा हिशेब हाताने करण्यात आला. लिटरचे वजन काढताना किलोग्रॅमचा ०.८ हा गुणक घेण्याऐवजी पौंडाचा १.७७ हा गुणक घेतला गेला आणि उत्तर मात्र किलोग्रॅममध्ये मानले गेले. परिणामी आवश्यकतेच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान निघाले व वाटेतच दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी ते गिमली येथील जुन्या धावपट्टीवर कौशल्याने उतरविले, म्हणून विमानातील ६९ जणांचे प्राण वाचले. वैमानिक अनुभवी होते; चूक एककाची होती.

म्हणूनच विद्यार्थ्याने त्या दिवसाची शंका त्याच दिवशी फेडावी, उदाहरणे स्वहस्ते सोडवावीत आणि उत्तरापुढे एकक लिहिल्याखेरीज पुढे जाऊ नये.

ही सवय मात्र शाळेतच लागावयास हवी. गोंदियाजवळ बिरसी येथे वैमानिक प्रशिक्षणाची सोय झालेली आहे. तेथवर ग्रामीण मुलामुलींना पोहोचावयाचे असेल, तर कोन, प्रमाण, एकके व नकाशावाचन यांचा पाया गावच्या शाळेत पक्का झाला पाहिजे. शिक्षक व पंचायत सदस्यांनी याकडे अगत्याने लक्ष पुरवावे.