कोमल स्वराखालची रेघ

गेल्या श्रावणात आमच्या गाण्याच्या वर्गात एक गंमत झाली. गंमत म्हणायची, पण चूक माझी होती. नौपाड्यात राम मारुती रोडजवळच्या एका घरात दर रविवारी सकाळी हा वर्ग भरतो. बाईंनी विभास रागातली एक सरगम संगणकावर उतरवून सर्वांना पाठवायला सांगितली. मी रे आणि ध अधोरेखित केले, मजकूर उचलला आणि फोनवरच्या गटावर टाकला. रविवारी दोन नव्या मुली सरगम पाठ करून आल्या, आणि गाऊ लागल्या तो भूप! अक्षरे पोचली होती. त्यांच्याखालच्या रेघा वाटेत गळून पडल्या होत्या. सा रे ग प ध हेच पाच स्वर. रे-ध कोमल असले की सकाळचा विभास, शुद्ध असले की रात्रीचा भूप. (देशकारही याच शुद्ध स्वरांचा, पण त्याची चाल निराळी.) बाई रागावल्या नाहीत. "आता हे गळ्यातून काढायला महिना जाईल," एवढेच म्हणाल्या.

तेव्हापासून मी या रेघेच्या मागे लागले आहे.

पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांच्या स्वरलिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब आणि तार सप्तकाला वर टिंब असते. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांच्या लिपीत मात्र वरचे टिंब मंद्राचे, तारेला उभी रेघ आणि कोमलाला हलन्तासारखी खूण! म्हणजे एकाच टिंबाने एका पुस्तकात गळा वर जातो, दुसऱ्यात खाली. जुनी वही हाती आली तर लिपी कोणाची, हे आधी पाहिलेले बरे.

पाश्चात्त्य लिपीत पाच रेघांवर जे गोळे असतात, त्यांची जागा स्वर सांगते. परंतु अमेरिकेत १८०१ साली 'द ईझी इन्स्ट्रक्टर' या पुस्तकात त्रिकोण, वर्तुळ, चौकोन आणि शंकरपाळ्यासारखा चौकोन असे चार आकार योजून गोळ्याच्या आकारावरूनच स्वराचे नाव कळेल अशी सोय केली गेली. आज म्यूझस्कोअर या विनामूल्य संगणक-प्रणालीत असे आकार, किंवा पोटात स्वराचे नाव लिहिलेले गोळेदेखील निवडता येतात. आपल्याकडे अक्षर हाच गोळा आहे. मग हा गोळा आपणच का काढू नये, असे मनात आले.

काम वाटले तितके सोपे नव्हते. सात शुद्ध, चार कोमल, एक तीव्र मिळून बारा. तीन सप्तकांचे छत्तीस आकार. देवनागरीत अक्षरावरचे टिंब म्हणजे अनुस्वार आणि खालचे म्हणजे नुक्ता, त्यामुळे तार 'रे' हटकून 'रें' वाचला जाई. शेवटी टिंब मात्रेच्याही वर, बरोबर र च्या डोक्यावर नेले. कोमलाची रेघ प्रथम शिरोरेषेइतकी जाड काढली, तर अक्षर दोन शिरोरेषांत अडकल्यासारखे दिसू लागले. ती बारीक केली.

माझे आजोबा छापखान्यात खिळे जुळवीत. शाळा त्यांनी चौथीत सोडली, पण पडद्यावरचे माझे अक्षर पाहून त्यांनी नेमके बोट ठेवले. "रेघ अक्षराची आहे की ओळीची, ते आधी ठरव. ओळीची असेल तर ओळ मोडली की ती सुटणार." माझी चूक हीच होती. अधोरेखन हा मजकुराला दिलेला रंगासारखा साज असतो. साधा मजकूर उचलताना तो मागे राहतो. युनिकोडमध्ये मात्र वेदातील अनुदात्ताची आडवी रेघ हे स्वतंत्र चिन्ह आहे, आणि उभ्या रेघेचेही. ती चिन्हे अक्षरामागे टंकली की अक्षराबरोबरच जातात: रे॒, ध॒, म॑.

मी आधी छत्तीसही आकार युनिकोडच्या खाजगी वापरासाठी मोकळ्या ठेवलेल्या घरांत बसवले होते. माझ्या संगणकावर ते देखणे दिसत. दुसऱ्याच्या फोनवर नुसते रिकामे चौकोन. ते सारे मोडले. आता मजकुरात साधे अक्षर व चिन्ह राहते आणि माझा फाँट असेल तिथे त्यांच्या जागी जोडून काढलेला आकार येतो. नसेल तिथे थोडे ओबडधोबड दिसेल, पण विभासाचा भूप होणार नाही.

मंद्र कोमल नि अजून जमलेला नाही. त्याच्या खाली रेघ, रेघेखाली टिंब. आणि तो एका मात्रेत इतर स्वरांबरोबर आला की त्या सर्वांना बांधणारा कंसही खालीच. तीन मजले झाले की पुढच्या ओळीतल्या तार स्वरांची टिंबे कंसाला टेकतात. आजोबा म्हणतात, ओळींत जागा सोड. बाई म्हणतात, एका पानावर मावले पाहिजे. सध्या टिंबाचा आकार कमी करून पाहते आहे.