विंडोज बदलण्याआधी सी ड्राइव्हचा बॅकअप : इन्सुलीत बसून खर्च किती?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. तेव्हापासून घरातल्या, दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ घालून घेण्याची घाई चालू आहे. अपग्रेडला पैसे पडत नाहीत. पैसे पडतात ते त्याआधीच्या कामाला, आणि नेमकं तेच टाळलं जातं. पुढचे भाव ढोबळ धरा. डिस्क आणि एसएसडी दोन्ही सध्या महागताहेत, तेव्हा बांद्याला किंवा सावंतवाडीला निघण्याआधी दुकानात फोन करून विचाराच.

डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स पेनड्राइव्हवर टाकले की बॅकअप झाला, असं धरून चालू नका. टॅलीचा डेटा तिथे नसतो. टॅलीप्राइममध्ये तो सहसा सी ड्राइव्हवरच्या यूजर्स-पब्लिक फोल्डरखाली असतो. काजूचा व्यापार करणाऱ्याची सगळी उधारी-वसुली त्यातच. श्रीलिपीत टाइप केलेली जुनी पत्रं, ठराव, लग्नपत्रिका फॉन्ट गेला की वाचता येत नाहीत. फाइल उघडते, पण अक्षरांची नुसती खिचडी दिसते. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, प्रिंटरची सेटिंग्ज, हेही त्याच ड्राइव्हवर. म्हणून फायली वेचत न बसता अख्ख्या ड्राइव्हची 'सिस्टिम इमेज' घ्यावी. विंडोज, प्रोग्रॅम, फॉन्ट, डेटा या सगळ्यांची ती जशीच्या तशी प्रत असते.

त्यासाठी लागते एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क. १ टीबीची साधारण सहा हजारांना मिळते. कॉम्प्युटर बंदच पडला तर त्याला सुरू करायला ३२ जीबीचा पेनड्राइव्ह हवा, तो चारशे-पाचशेचा. सॉफ्टवेअरला खर्च नाही : कंट्रोल पॅनेलमधल्या 'बॅकअप अँड रिस्टोअर'मध्ये इमेज काढायची सोय आहे, शिवाय क्लोनझिला आणि रेस्क्यूझिला ही मोफत साधनं आहेत. म्हणजे साडेसहा हजारांत काम होतं. वाडीतल्या दोन-तीन घरांनी मिळून एक डिस्क घेतली तर आणखी स्वस्त. मात्र इमेजमध्ये तुमचे फोटो, कागदपत्रं, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड सगळंच जातं. ज्याच्या हाती घराची चावी द्याल त्याच्याशीच ही भागीदारी करा.

म्हापशाला स्वस्त मिळेल म्हणून नाका ओलांडून जाणारे बरेच आहेत. पेट्रोल आणि दारू जीएसटीबाहेर असल्याने त्यांच्या भावात फरक पडतो. हार्ड डिस्कवर इकडे-तिकडे सारखाच १८ टक्के जीएसटी आहे. दुकानदाराने सूट दिली तेवढाच फायदा, तोही गाडीच्या पेट्रोलात जातो. जवळच्या दुकानातून पक्कं बिल घेऊन डिस्क घ्या. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, तिच्यातला डेटा मिळत नाही, हेही ध्यानात असू द्या.

क्लाउडचं काय? गुगलवर १५ जीबी फुकट, १०० जीबीला वर्षाला १,३०० रुपये. फोटो आणि महत्त्वाच्या कागदांसाठी मी ते जरूर घ्या म्हणेन. अख्ख्या ड्राइव्हसाठी नको. १० एमबीपीएस अपलोड मिळत असेल तर १०० जीबी चढायला सलग बावीस तास लागतात, आणि पावसाळ्यात आपल्याकडे बावीस तास ना लाइन टिकते ना वीज. तेच काम यूएसबी ३ च्या डिस्कवर साधारण तासाभरात उरकतं. यूएसबीच्या बहुतेक निळ्या खाचा ३ च्या असतात. काळ्या खाचेत डिस्क लावली तर वेळ दोन-तीनपट धरा.

विजेचा खर्च मात्र वेगळा काढावाच लागेल. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर सिंधुदुर्गात कित्येक दिवस वीज नव्हती. एरवीही जून-जुलैत ती कधी जाईल याचा नेम नाही. अपग्रेड अर्ध्यावर असताना वीज गेली तर विंडोज सुरूच न होण्याची भीती असते. डेस्कटॉप असेल तर ६०० व्हीएचा यूपीएस घ्या, अडीच ते साडेतीन हजारांचा. तो दहा-पंधरा मिनिटांचा झटका सोसतो, तासभर पुरत नाही, म्हणून आभाळ भरून आलं असेल तेव्हा अपग्रेडला हात घालू नका. लॅपटॉपची बॅटरी धड असेल तर हे तीन हजार वाचले.

इमेज घेतल्यावर ती चालते का ते बघायलाच हवं, आणि ही पायरी बहुतेक जण गाळतात. विंडोजच्या 'रिकव्हरी ड्राइव्ह'ने पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून कॉम्प्युटर सुरू करा, डिस्क जोडा. यादीत तुमच्या इमेजची तारीख दिसली की तिथेच थांबा आणि बंद करा. बिटलॉकर चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधीच कागदावर लिहून ठेवा. ती नसेल तर कुलूपबंद ड्राइव्ह दुकानदारही उघडू शकत नाही. अपग्रेडऐवजी फॉरमॅट करणार असाल तर टॅलीचं लायसन्स आधी 'सरेंडर' करा.

विंडोज ११ मधून दहा दिवसांत मागे फिरता येतं हे खरं, पण ती सोय त्याच ड्राइव्हवर असते. ड्राइव्हच बसला तर तीही जाते. मग डेटा रिकव्हरीवाल्याकडे जावं लागतं, काही हजारांपासून पुढे कितीही मोजावे लागतात आणि हमी कुणीच देत नाही.

दुकानात काम दिलंत तर विंडोज घालायला पाचशे ते हजार रुपये धरा. इमेज काढायचे वेगळे ठरवून घ्या, आणि ती आपल्या डिस्कवर आपल्यासमोर काढायला सांगा.

लॅपटॉपमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर माझ्या मते याहून चांगला मार्ग आहे. ५०० जीबीची एसएसडी घ्या, चार ते सहा हजारांची. जुनी डिस्क तिच्यावर क्लोन करा, नवीवर अपग्रेड करा, जुनी काढून तीन-चारशेच्या केसमध्ये घाला. बॅकअप तयार झाला आणि लॅपटॉपही पळू लागला.

हे सगळं करण्याआधी मायक्रोसॉफ्टचं मोफत 'पीसी हेल्थ चेक' चालवा. टीपीएम २.० नसेल किंवा इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर विंडोज ११ रीतसर बसत नाही. अशांसाठी विंडोज १० चे सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेण्याची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली आहे. मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर त्याला पैसे पडत नाहीत. इमेज मात्र त्यांनीही घ्यावी.

अपग्रेड झालं की डिस्क लगेच मोकळी करू नका. एक जीएसटी रिटर्न भरून, एक श्रीलिपीचं पत्र छापून, डिजिटल सही एकदा वापरून बघा. तोवर ती सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात, कॉम्प्युटर आहे त्या घरात नको, दुसऱ्या घरात ठेवा.