बर्फाला आवाज असतो का? (इयत्ता आठवी-नववी, ध्वनी)



एप्रिलची सकाळची शाळा. अकोल्याच्या उन्हावरून विषय ध्रुवावरच्या बर्फावर गेला. "समुद्राला मिळणाऱ्या हिमनद्यांची वितळ शास्त्रज्ञ पाण्यात कान लावून ऐकतात," असं मी म्हटलं. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "सर, बर्फाले कायचा आवाज?"

मी ग्लासभर पाण्यात फ्रीजमधला बर्फ टाकला. तडतड झाली. "हाच तो आवाज!" म्हणून मी मोकळा झालो. घरी वाचल्यावर कळलं, आपलं चुकलं.

फ्रीजमधला बर्फ तडकतो तो मुख्यतः अचानक तापमान बदलल्यामुळे. हिमनदीची गोष्ट वेगळी. वर्षानुवर्षे साचलेल्या बर्फाच्या भाराखाली हवेचे बुडबुडे दाबले जातात. बर्फ समुद्रात वितळला की ही दाबलेली हवा फटकन सुटते. असे असंख्य बुडबुडे फुटत राहतात. हिमकडा कोसळला, तर आवाज खोल आणि घुमणारा.

पण ऐकायचंच कशाला? कड्याजवळ बोट नेणं धोक्याचं, हिवाळ्यात तिथे रात्रच रात्र आणि पाण्याखालची वितळ उपग्रहाला दिसत नाही. ध्वनी मात्र पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. हवेत सुमारे ३४०. म्हणून दूर हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला माइक, ठेवला तरी चालतो.

यात आपला देशही आहे. गोव्यातल्या वास्कोचं ध्रुवीय संशोधन केंद्र आणि चेन्नईची राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्था यांनी जुलै २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरील कोंग्सफियॉर्ड खाडीत 'इंडआर्क' ही पाण्याखालची वेधशाळा बसवली. चेन्नईच्या शास्त्रज्ञांनी या खाडीतले आवाज नोंदवून त्यातून हिमखंड तडकल्याचे आवाज वेगळे ओळखले. खरं काम तेच! पाऊस, बोटी, देवमासे, बर्फ, सगळे एकदमच बोलतात.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात चूक कबूल केली आणि हा प्रयोग केला. तुम्हीही करा. दोन ग्लासांत सारखंच पाणी घ्या. एकात फ्रीजमधून काढल्याबरोबर बर्फ टाका, दुसऱ्यात बाहेर ठेवून पाणी सुटू लागलेला. दुसरा जवळजवळ गप्प राहतो. का, ते मुलांनाच सांगू द्या.

मग विचारा: हिमनदीचा तुकडा असाच बाहेर ठेवून पाण्यात टाकला, तर तोही गप्प राहील का? उत्तर बुडबुड्यांत आहे. घाई करू नका, पोरांना शोधू द्या.