आधी कात्री, मग टॅग

अगं, डिटा, म्हणजे टॅग लावून मॅन्युअल लिहायची पद्धत, शिकवायला घेते आहेस हे ऐकून बरं वाटलं, पण पहिल्याच तासाला एडिटर उघडून टॅग दाखवत बसू नकोस. पोरं वर्डवर वाढलेली. मथळा म्हणजे 16 पॉइंट आणि बोल्ड, एवढंच त्यांना ठाऊक. टॅग दिसले की “मॅम, हे कोडिंग आहे का?” म्हणत निम्मा वर्ग अंग चोरेल.

त्यापेक्षा घरातल्या मिक्सरच्या मॅन्युअलच्या झेरॉक्स काढ आणि कात्र्या दे. वाक्य न वाक्य कापायचं आणि तीन ढीग लावायचे: हे काय आहे, हे कसं करायचं आणि नुसती लागेल तेव्हा बघायची माहिती, म्हणजे वॉट, भांड्यांची मापं वगैरे. कन्सेप्ट, टास्क, रेफरन्स ही नावं मागाहून सांग. ‘भांडं काठोकाठ भरू नये’ हे वाक्य कुठल्या ढिगात, यावर भांडणं जुंपतील. जुंपू देत, अर्धा तास गेला तरी चालेल.

मग टास्क घे. प्रत्येक स्टेपमध्ये सीएमडी, म्हणजे काय करायचं ते सांगणारी आज्ञा, लागतेच. ती राहिली तर फाइल व्हॅलिड होत नाही. नोट मात्र सीएमडीच्या आधी टाकता येते. ‘पातं काढा. त्याआधी प्लग काढलेला असावा’ असं लिहिणारा एक तरी निघतोच, त्याला ही जागा दाखव. हात पात्यावर गेल्यावर सांगून काय उपयोग?

आणि हे तुझ्यामाझ्यात, फाइल व्हॅलिड आहे म्हणून मार्क देऊ नकोस. एका सीएमडीत तीन कामं कोंबली तरी एडिटरची काही तक्रार नसते. ते तुलाच वाचून पकडावं लागणार. तपासायचा ताप वाढेल, पण त्याला इलाज नाही.

कॉनरेफ, म्हणजे एकदा लिहिलेला मजकूर हवा तिथे ओढून घ्यायची सोय, सांगायची घाई नको. प्लगची सूचना पाच मॉडेलांच्या मॅन्युअलमध्ये त्यांना हाताने घालू दे, आणि दुसऱ्या दिवशी सांग, ‘मजकूर बदललाय.’ वर्ग वैतागला की कॉनरेफ काढ. पटवावं लागणार नाही.

आयबीएममध्ये जन्म, 2005 साली ओएसिसचं मानक, नावातला डी डार्विनचा, हा इतिहास पाच मिनिटांत उरक. कॉलेज एडिटरच्या लायसन्सला पैसे देणार नसेल तर अडून बसू नकोस. डिटा ओपन टूलकिट फुकट आहे, साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये लिहून त्यातून पीडीएफ निघते. फक्त त्याला जावा लागतं. लॅबमधल्या मशीनवर ते आहे का, हे आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघ. ‘आहे मॅडम’ या उत्तरावर विसंबू नकोस.