राधानगरीचें रान व आपलें पाणी

पाण्याचा विचार करतांना आपल्या ऊंसकरी शेतकऱ्याची दृष्टि बहुधा धरणापाशींच थांबते. धरणामागचें रान त्याच्या ध्यानांत येत नाहीं. शाहू छत्रपतींनीं १९०७ सालीं भोगावतीवरील राधानगरी धरणाची योजना हातीं घेतली. त्याच्या वरच्या अंगास दाजीपुराकडे दाट रान पसरलें आहे. जांभूळ, अंजनी, हिरडा व कारवी यांच्या छायेंत पालापाचोळा सांचून राहतो. त्यायोगें पाऊस जमिनींत मुरतो, पावसाळा सरल्यावरही झरे वाहतात आणि माती वाहून येत नाहीं.

१९५८ सालीं दाजीपूरचें रान गव्यांसाठीं राखण्यांत आलें. १९८५ सालीं अभयारण्य वाढून सुमारें ३५१ चौरस किलोमीटर झालें, व २०१२ सालीं पश्चिम घाटाबरोबर त्याची जागतिक वारशांत गणना झाली. परंतु या वारशाचा भार रानकांठच्या भात-नाचणी पिकविणाऱ्या कुटुंबांवर पडतो. गव्यांचा कळप एका रात्रींत उभें पीक तुडवितो. पाणी खालच्यांनीं घ्यावें आणि नुकसान वरच्यांनीं सोसावें, हा न्याय नव्हे.

सबब आम्ही सुचवितों कीं, रानकांठच्या बांधवांनीं राबासाठीं झाडें न खांडतां गादीवाफ्यावर कुजलेलें शेणखत घालून रोपें करावीं, देवराईचा जुना नेम पाळावा, व नुकसान होतांच वनखात्यास कळवून पंचनामा करवून घ्यावा. खालच्या गांवांतील संस्थांनीं त्यांच्या पिकांच्या राखणीस वर्गणी द्यावी. रान राखणारा शेतकरी टिकला, तरच आपलें पाणी टिकेल.