आधी यादीत नाव, मग मदत

नगरपरिषदेसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. कोरोनाच्या दोन वर्षांत छोट्या धंदेवाल्यांच्या मदतीचा बहुतेक कागद माझ्या मशीनखालून गेला. कुणाला पैसे मिळाले, कुणाला नाही आणि का नाही, हे काउंटरवरून दिसत होतं. मदत गरजेप्रमाणे वाटली गेली नाही. ज्याचं नाव लिहिलेलं होतं, त्याला ती मिळाली.

एप्रिल 2021 मध्ये राज्यात पुन्हा निर्बंध लागले, तेव्हा सरकारने 5,476 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात सुमारे पाच लाख फेरीवाल्यांना प्रत्येकी 1,500 रुपये होते. अट एकच, फेरीवाला नोंदणीकृत हवा. आमच्या बाजारातल्या भाजीवाल्या मावशी वर्षानुवर्षं एकाच जागी बसतात, रोजची बाजार फी भरतात. पण सर्वेक्षणाची माणसं आली, तेव्हा त्या माहेरच्या लग्नाला गेल्या होत्या. नाव राहिलं ते राहिलंच. ‘‘अख्खं गाव ओळखतं की मला,’’ त्या म्हणायच्या. बाजार फीच्या पावत्या तरी दाखवाव्यात, तर त्या रोज संध्याकाळी कचऱ्यात जात.

त्याआधी, जून 2020 मध्ये, केंद्राची पीएम स्वनिधी योजना आली होती. 24 मार्च 2020 ला किंवा त्याआधी शहरात विक्री करणाऱ्याला वर्षभरासाठी 10,000 रुपयांचं विनातारण कर्ज आणि वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात सात टक्के सवलत, असं तिचं स्वरूप होतं. सर्वेक्षणात सुटलेल्यांसाठी नगरपरिषदेच्या शिफारसपत्राची सोय होती. आजूबाजूच्या खेड्यांतून आमच्या बाजारात येऊन बसणाऱ्यांनाही ते मागता येत होतं. पण हे त्यांना सांगणार कोण? सांगायला आले ते दलाल. ‘‘फाइल पास करून देतो’’ म्हणत त्यांनी गरिबांकडून पाचशे-हजार काढले. अर्ज तर संकेतस्थळावर स्वतःलाही भरता येत होता.

बरेच अर्ज फार साध्या कारणाने अडकले. आधारला जोडलेला मोबाइल नंबर कधीच बंद झालेला, त्यामुळे ओटीपी येणार कुठे? कुणाचं आधारवर एक नाव, तर पासबुकावर दुसरं. कुणाचं जुनं कर्ज थकलेलं, मग बँकेत नुसत्या चकरा.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र एका अफवेने केलं. ‘‘हे सरकारचे पैसे आहेत, माफ होणार,’’ असं बाजारभर पसरलं. चहाची गाडी लावणाऱ्या एका तरुणाने काही हप्ते भरून हात आखडता घेतला. हप्ता असेल नऊशे-साडेनऊशेचा. पुढे टेम्पोसाठी कर्ज मागायला गेला, तर सिबिलमध्ये हीच थकबाकी आडवी आली. त्याच्याच शेजारच्या वडापाववाल्याने वेळेवर फेड केली; त्याला पुढे 20,000 आणि नंतर 50,000 मिळाले.

हे सगळं पाहून काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

संकट नसतानाच नोंदणी करा. पथविक्रेत्यांचा कायदा 2014 चा आहे. त्यानुसार दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्वेक्षण व्हायला हवं आणि नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांचे हवेत. आपल्या गावात समिती आहे का, सर्वेक्षण कधी झालं, हे नगरपरिषदेत जाऊन विचारा. तोंडी उत्तरावर परत येऊ नका; अर्ज द्या आणि पोच घ्या.

बाजार फीची पावती, संघटनेचं ओळखपत्र, धंद्याच्या जागेवरचा फोटो असं सगळं एका पिशवीत जपा. आधारचा मोबाइल नंबर चालू ठेवा. आधार आणि पासबुकावरचं नाव जुळतं का, तेही आजच पाहा.

कुणी ‘फाइल’चे पैसे मागितले, तर आधी नगरपरिषदेच्या नागरी उपजीविका कक्षात चौकशी करा. आणि पैसे हातात घेण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा : हे अनुदान आहे की कर्ज? कर्ज असेल, तर हप्ता झेपतो का, हे मंदीतल्या गल्ल्यावरून ठरवा.

व्यापारी संघटनांनाही एक सांगणं आहे. लाभार्थ्यांची यादी बाजारात सगळ्यांना दिसेल अशी लावायला नगरपरिषदेला भाग पाडा. यादी चारचौघांत लागली की सुटलेली नावं आणि घुसवलेली नावं दोन्ही लगेच कळतात. बंद फायलीतल्या यादीवर हरकत घेणार कशी?

स्वनिधी योजना आता 31 मार्च 2030 पर्यंत वाढवली आहे आणि पहिलं कर्ज 15,000 रुपयांचं झालं आहे. ज्यांचं नाव अजून कुठल्याच यादीत नाही, त्यांनी पुढच्या संकटाची वाट पाहू नये. येत्या आठवड्यातला एक दिवस धंदा तासभर उशिरा लावा आणि आधी नगरपरिषदेत जाऊन या.