देहातील दिवे

सीताबर्डीच्या टेकडीवरून दिवसा नागपूर शहर पाहिले, तर घरे, रस्ते व झाडे स्पष्ट दिसतात. परंतु कोणत्या घरात काय चालले आहे, हे कळत नाही. रात्री घरे अंधारात लोपतात. मात्र जेथे दिवा तेवत असेल, तेथे कोणी जागे आहे हे दुरूनही ओळखता येते.

मनुष्याचा देह पाहण्याच्याही अशाच दोन रीती आहेत. १८९५ साली राँटजेन या जर्मन शास्त्रज्ञाने क्ष-किरणांचा शोध लावला, आणि देहातील हाडांची आकृती दिसू लागली. परंतु पुष्कळ रोगांत आकृती बदलण्यापूर्वी पेशींचे काम बदलते. अन्नापासून शक्ती मिळविणे व शरीराची झीज भरून काढणे, या पेशींच्या व्यवहारास चयापचय म्हणतात. कर्करोगाच्या बहुतेक पेशी साखर अधाशीपणे वापरतात. ऑटो वारबुर्ग यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ही गोष्ट दाखवून दिली.

‘पेट’ नावाची तपासणी याच खुणेवर आधारलेली आहे. काही तास उपाशी असलेल्या रोग्याच्या शिरेत साखरेसारखा एक पदार्थ टोचतात. त्यास किरणोत्सर्गी फ्लोरीनचा अणू जोडलेला असतो. भुकेल्या पेशी तो साखर म्हणून आत घेतात. पण पुरता वापरता न आल्याने तो तेथेच अडकून राहतो. अणूतून निघालेला पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनला भेटला, की दोन किरण परस्परविरुद्ध दिशांना धावतात. रोग्याभोवतीचे कडे ते टिपते व संगणक त्यांचे चित्र तयार करतो.

हा फ्लोरीन सुमारे ११० मिनिटांत निम्मा होतो; म्हणून तो साठवून ठेवता येत नाही. तो सायक्लोट्रॉन यंत्रात तयार करतात. रुग्णांसाठी असे भारतातील पहिले यंत्र २००२ साली मुंबईत परळ येथे सुरू झाले. आता नागपूरजवळ जामठा येथील नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्येही पेट तपासणीची सोय आहे.

तथापि प्रत्येक दिवा रोगाचाच नसतो. निरोगी मेंदू नेहमीच पुष्कळ साखर वापरतो, आणि क्षयाची गाठही चित्रात उजळते. म्हणून चित्र पाहून डॉक्टर घाईने निर्णय देत नाहीत. गरज पडल्यास गाठीचा लहानसा तुकडा काढून तपासतात.

कधी औषधोपचारानंतर गाठ जवळजवळ तेवढीच दिसते, आणि रोग्याचा धीर खचतो. अशा वेळी पेटच्या चित्रात तेथील दिवा मंदावलेला आढळला, तर औषध लागू पडत असल्याची ती आशादायक खूण ठरते.